पाया थोडक्यात, शेवट अधांतरी

तीर्थरूप दादांस,

बसल्या जागेवरूनच नमस्कार. साष्टांग घालण्याची इच्छा दांडगी आहे, पण उजव्या पायाचा अंगठा सध्या लहानशा वांग्याएवढा झाला आहे (रंगही तोच), आणि तो जमिनीला टेकला की माझ्या तोंडून जे निघते ते वडीलधाऱ्यांच्या समोर काढण्यासारखे नसते. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे... असे लिहिले आणि पेन अडले. इकडे 'आम्ही' नाही, मी एकटाच आहे. उरलेला निम्मा संसार मंगळवारपासून तुमच्याकडे आहे: एक बॅग, आणि चादरीत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर. तुमच्या बहिणीने तुम्हाला काय सांगितले मला ठाऊक नाही. तिने माझ्याविरुद्ध काही सांगितले असेल तर मला उत्तर देण्याचा हक्क आहे. काहीच सांगितले नसेल, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. म्हणून सगळी हकिगत पहिल्यापासून लिहितो. तुमची हयात पूल बांधण्यात गेली. कुठला भार कुठे पडला आणि कोणामुळे काय कोसळले याचा निवाडा तुमच्याइतका निःपक्षपातीपणे दुसरा कोण करणार?

तुम्हाला माहीतच आहे, तुमची बहीण तीस वर्षे टेलिफोनच्या स्विचबोर्डवर होती. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे बोलणे जोडून द्यायचे, आणि घरी आल्यावर (हे तिचे शब्द, माझे नव्हेत) घरचे यंत्र ऐकायचे. निवृत्तीनंतर तिने स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले. माझा विरोध नव्हता. मी फक्त चाळीस मिनिटे बोललो. सामान आले आणि हॉलमध्ये जमिनीवर बसले. आता अडचण अशी की मी भाषणाची तयारी करतो ती येरझाऱ्या घालत, आणि माझे वजन तुम्ही जाणता. मी एक पाऊल टाकले की रेकॉर्डवरची सुई उडी मारून पुढच्या ओळीत. गाणारी बाई आळवत असायची आणि मी खिडकीशी वळलो की थेट शेवटावर. दोन दिवस तिने सहन केले. तिसऱ्या दिवशी प्लेअरवर फडके टाकले आणि म्हणाली, "याला एक भक्कम मांडणी हवी. तोवर मी लावणारच नाही."

मांडणी! दादा, हा शब्द तिच्या तोंडून आला आणि मला अभिमान वाटला. दुकानदार त्याला रॅक म्हणतो. सगळे जग रॅक म्हणते. अहो, आपल्याकडे भांड्यांची मांडणी होती, बरण्यांची मांडणी होती, मग गाण्याच्या यंत्रांची का नसावी? मी त्याच दिवशी जाहीर केले की या घरात रॅक हा शब्द उच्चारला जाणार नाही. (या जाहीरनाम्यावर सगळे महाभारत उभे आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.)

आधी आम्ही दुकानात गेलो. तिने पर्समध्ये मोजपट्टी आणली होती. काळ्या लोखंडाची, चार कप्प्यांची, चार पायांची एक वस्तू तिने पाहिली, मोजली, हाताने हलवून पाहिली आणि मान डोलावली. खोक्यात सुटी येते, अर्ध्या तासात जोडून होते, असे तिथली मुलगी सांगत होती. तिथे मला राहवले नाही. मी त्या मुलीला विचारले, की बाई, ही वस्तू ज्याने घडवली त्याचे नाव तुला माहीत आहे का? त्याने हिच्यावरून कधी मायेने हात फिरवला असेल का? आपण सुताराला उपाशी ठेवून यंत्राच्या घशात घास कोंबतो आहोत याची तुला खंत नाही का? ती बिचारी हात बांधून ऐकत होती. दोन गिऱ्हाइके बाहेर गेली, एक नवे आत आले आणि दारातूनच परतले. मी भानावर आलो तेव्हा तुमच्या बहिणीने मोजपट्टी गुंडाळून पर्समध्ये टाकली होती. रस्त्यात एवढेच म्हणाली, "मग तुम्हीच करून आणा." मी याला विजय समजलो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुतार आहे. सोन्याच्या हातांचा माणूस, पण बोलायला महाकंजूष. मी त्याच्याकडे तीन संध्याकाळी गेलो आणि श्रमाच्या प्रतिष्ठेबद्दल त्याला पुष्कळ सांगितले. तो रंधा मारत राहिला आणि 'बरं' म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, सगळं कागदावर लिहून द्या." तुम्ही फोनवर सांगितलेले (जड खाली, हलके वर, पाया रुंद, मागून तारांना वाट) मी एका कागदावर नीट उतरवले आणि वर ठसठशीत शीर्षक दिले: मांडणी.

आता दैवगती पाहा. त्याच आठवड्यात आमचे वाचनालय बंद करून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करण्याचा घाट घातला गेला होता, आणि त्याविरुद्ध माझी तीन व्याख्याने ठरली होती. पहिल्या व्याख्यानाचा आराखडा मी दुसऱ्या तशाच कागदावर लिहिला. वक्ता आपल्या आराखड्याला काय म्हणतो? विषयाची मांडणी! मी त्यावरही तेच शीर्षक दिले, तितकेच ठसठशीत. आणि दोन्ही कागदांतला एक नेऊन सुताराच्या हातात ठेवला. मी त्या कागदावर 'रॅक' लिहिले असते तर आज माझा अंगठा शाबूत असता. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

आराखडा असा होता. तो मला पाठ आहे, कसा ते पुढे कळेल. 'एकूण तीन टप्पे. पहिला १५, दुसरा २५, तिसरा ४०. पाया थोडक्यात. मग विस्तार वाढवत न्यावा. मध्ये पाणी. वजनदार ते सगळे शेवटी. शेवट अधांतरी सोडावा.' श्रोत्याला हे मिनिटांत कळते. सुताराला इंचांत कळले.

त्याने विचारले नाही असे नाही. चार दिवसांनी त्याचा फोन आला. "साहेब, पाया फारच थोडका होतोय. मला धाकधूक वाटते." मला वाटले, हा तुमच्या मोजमापांवर शंका घेतो आहे. मी ताडकन म्हणालो, की हे एका पूल बांधणाऱ्या माणसाचे शब्द आहेत, यातले एक अक्षर बदलायचे नाही. तो म्हणाला, "बरं."

मंगळवारी दुपारी मांडणी आली. तुमची बहीण दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. सुताराने ती हॉलमध्ये उभी केली, दोन पावले मागे सरकून तिच्याकडे एकदा पाहिले, माझ्याकडे एकदा पाहिले, माझा कागद तिच्याच उजव्या अंगाला टाचणीने लावून ठेवला आणि निघून गेला. काम अप्रतिम होते, यात वाद नाही. सांधा कुठे आहे ते नखाला कळत नव्हते. फक्त आकार छत्रीचा होता. खालचा कप्पा पंधरा इंच, मधला पंचवीस, वरचा चाळीस. मधल्या कप्प्यात पेला बसेल असे सुबक गोल भोक. आणि वरच्या फळीचे उजवे टोक आधाराशिवाय, हवेत.

शहाण्या माणसाने तिथेच थांबावे. पण ती यायच्या आत सगळे लावून, दारातच तिला गाणे ऐकवायचे असे माझ्या मनाने घेतले होते. अँप्लिफायर सतरा इंचांचा, तो खालच्या कप्प्यात मावेना. मधल्या कप्प्यात त्याच्याखाली भोक येई. मग तो वर. एकोणीस किलो. त्याच्या शेजारी रेकॉर्ड प्लेअर. तो बसला त्या अधांतरी टोकावर. तारा जोडल्या. मी मागे सरकून हात झटकले, आणि मांडणीने मान हलवली.

दादा, मी दगडफेक झालेल्या सभा तडीस नेल्या आहेत, पण अशी भीती कधी वाटली नव्हती. ती हळूच उजवीकडे झुकली, थांबली, विचार केला आणि आणखी झुकली. मी झेप घेतली आणि उजव्या अंगाला खांदा लावला, वरच्या टोकाखाली हात दिला. ती थांबली. मी श्वास सोडला तर ती पुन्हा निघाली. मग मला कळले की हे एका क्षणाचे काम नाही. मी हललो तर सगळे खाली. टेबल चार हातांवर, फोन टेबलावर. माझ्या पंज्यावर तुमच्या बहिणीची तीस वर्षे.

फोन वाजला. पडद्यावर तिचेच नाव दिसत होते. पूर्ण वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी त्याला मोठ्याने उत्तरही दिले, पण फोन तसा उचलला जात नाही.

मग मी ओरडलो. माझा आवाज तुम्ही ऐकला आहे. मैदानात ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. मी पोटातून ओरडलो, "वाचवा! वाचवा!" आणि त्याच क्षणी मला माझी चूक कळली. गेले पंधरा दिवस मी या घरात रोज दुपारी काय घोकत होतो? 'वाचनालय वाचवा!' खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काठीने छताला तीन ठोके दिले. म्हणजे नेहमीचेच, की आवाज कमी. मी आणखी आर्त स्वरात ओरडलो. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर दार उघडून आमच्या दाराशी आले. मला पावलांचा आवाज आला, आनंदाने डोळे भरून आले. मास्तर दारापलीकडून म्हणाले, "आज सूर फार छान लागलाय हो. अगदी काळजाला भिडतंय. फक्त 'वाचवा' जरा जास्त वेळा होतंय, एकदाच ठेवा." मी म्हणालो, "मास्तर, खरंच वाचवा, मी मरतोय!" ते म्हणाले, "हे वाक्य उत्तम!" आणि त्यांचे दार लागले.

एक तास दहा मिनिटे. भिंतीवर घड्याळ होते म्हणून सांगतो. पहिल्या वीस मिनिटांत खांदा गेला, पुढच्या वीसमध्ये हात माझा आहे की लाकडाचा हे कळेना. आणि माझ्या नाकासमोर, वीतभर अंतरावर, टाचणीने लावलेला तो कागद. वाचायला दुसरे काही नाही. पाया थोडक्यात. शेवट अधांतरी. स्वतःचे लिखाण इतक्या जवळून आणि इतका वेळ मी आयुष्यात वाचले नव्हते. तुम्हाला खोटे वाटेल, पण चाळिसाव्या वाचनाला मला त्या आराखड्यातही दोष दिसू लागला.

किल्लीचा आवाज झाला. ती दारात आली. गालाला रुमाल, कारण दात काढला होता आणि तोंडाची एक बाजू बधिर. तिने मला पाहिले, मांडणी पाहिली, टोकावरचा प्लेअर पाहिला. चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण घाई केली नाही. तळहात पुढे करून मला खूण केली: तसेच राहा. पर्स खाली ठेवली. चपला काढल्या, पावलांचा हादरा बसू नये म्हणून. मागे जाऊन एकेक तार काढली. मग समोर आली आणि प्लेअरच्या दोन्ही बाजूंनी हात घातले. अजून फक्त उचलायचा होता.

आणि दादा, इतकी शांत, इतकी एकाग्र होऊन ती माझ्याकडे पाहत होती, शब्दही न बोलता. असा श्रोता मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. खुलासा करणे मला भाग वाटले. मी म्हणालो, "मुळात..."

'मुळात' म्हणताना माझा उजवा हात वर जातो. पस्तीस वर्षांची सवय आहे.

अँप्लिफायर माझ्या अंगठ्यावर आला. अँप्लिफायरला काही झालेले नाही. प्लेअर तिने छातीशी धरून वाचवला, पण त्याची दांडी फळीच्या कडेवर आपटली आणि सुई तुटली. तो आवाज फार बारीक होता. मी बोंबललो, त्यातूनही ऐकू आला.

ती रागावली असती तर मी निभावून नेले असते. ती प्लेअर मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरने दोन तास बोलू नका म्हणून सांगितले होते. तिने टाचणी काढली, तो कागद घेतला, माझ्या आराखड्याच्या खाली पेन्सिलीने लिहिले, मला दिला आणि बॅग भरायला गेली. लिहिले होते: 'एकतीस वर्षं ऐकलं. आता मला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं.'

दुसऱ्या दिवशी मी लंगडत सुताराकडे गेलो. काय बोलायचे ते रस्त्यात पूर्ण रचले होते. आरंभच असा जळजळीत होता की रंधा गळून पडावा. मी तोंड उघडले. तो म्हणाला, "मी विचारलं होतं, साहेब." आणि काम करू लागला. तीन शब्दांत (साहेब धरून चार) एवढे परिणामकारक खंडन मी आजवर कोणत्याही व्यासपीठावर ऐकलेले नाही.

तरी माझे म्हणणे असे, की दोष कोणाचा याचा निर्णय शास्त्राने व्हावा. वरच्या फळीचे टोक हवेत सोडणे हा लाकूडकामातला अपराध आहे की नाही? डोळ्यांना चूक दिसते ते, कागदावर काहीही लिहिले असले तरी, कारागिराने करू नये, हे खरे की नाही? तुम्ही पुलांचे माणूस. एखाद्या अधिकाऱ्याने छत्रीसारखा पूल काढून दिला असता तर तुम्ही बांधला असता का? नसता! तेव्हा एका साध्या कागदावर तुमचा अभिप्राय द्यावा, की मुख्य चूक कामाची आहे, आराखड्याची नव्हे. सही तारखेसकट असावी. तो कागद तुमच्या बहिणीच्या नजरेला पडेल असा ठेवलात तर उपकार होतील.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. अंगठा ठणकतो आहे म्हणून इथेच थांबतो.

तुमचा (ती मानत असेल तर)
मेहुणा

ता. क. अभिप्राय पाठवू नका. वर लिहिलेले पुन्हा वाचले. पहिले व्याख्यान मी कागदाविना केले असे सगळीकडे सांगत सुटलो आहे, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. कागदाविना केले, कारण व्यासपीठावर खिशातून कागद काढला तर त्यावर 'जड खाली, हलके वर' लिहिलेले होते. म्हणजे अदलाबदल मला त्याच संध्याकाळी कळली होती. मांडणी यायला अजून पाच दिवस होते. एक फोन पुरला असता. पण सुताराला मी म्हणून बसलो होतो, की एक अक्षर बदलायचे नाही. मग 'अहो, तो कागद चुकीचा होता' हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मी स्वतःला समजावले की हाडाचा कारागीर आहे, भाषणावरून फर्निचर करणार नाही. छत्रीचा आकार पाहूनही मी अँप्लिफायर वर चढवला, तो मांडणी उभी राहते हे सिद्ध करायला. हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही.

ता. क. दुसरा. काल त्या दुकानात जाऊन तीच काळी लोखंडी वस्तू आणली. मुलीने मला ओळखले आणि पटकन खोके पुढे सरकवले. अर्ध्या तासात जोडून होते हे खोटे आहे, मला सव्वाचार तास लागले, पण चारही पाय जमिनीला टेकतात. मी तिच्याभोवती येरझाऱ्या घालून पाहिल्या. वर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता. थेंब सांडला नाही. नवी सुई दुकानदाराने मागवली आहे, शनिवारी येईल.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरे यासाठी. तिच्या रेकॉर्ड मी सगळ्या पुसून खालच्या कप्प्यात लावल्या. एकूण बासष्ट आहेत. ती आली की पहिली कोणती लावायची, हे मला ठरवता येईना. एकतीस वर्षांत यातले एकही गाणे मी पूर्ण ऐकलेले नाही, आणि तिला कोणती आवडते हे मला ठाऊक नाही. तुम्ही तिचे भाऊ आहात, लहानपणापासून तिला गुणगुणताना ऐकले असेल. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा. नसेल तर मी विचारले असे न सांगता, सहज म्हणून, तिलाच विचारा.

फक्त नाव लिहिले तरी पुरे. मी काही बोलणार नाही.